पाण्याचा शत्रू कोण? : 'गणशत्रू'च्या निमित्ताने

सत्यजित राय यांचा 'गणशत्रू' (१९८९) हा चित्रपट त्यांच्या थोर कृतींत सहसा गणला जात नाही. १९८३ साली हृदयविकाराचा झटका आल्यानंतर राय यांना बाह्यचित्रीकरणाचे श्रम वर्ज्य झाले होते. त्यामुळे हा चित्रपट चार भिंतींत कोंडला गेला. माणसे उठतात, बसतात आणि बोलत राहतात. 'पथेर पांचाली'तील पाऊस आणि वारा यात कोठे नाही, असा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. आम्हीही पुष्कळ वर्षे हेच मत बाळगून होतो. अलीकडे तो चित्रपट पुन्हा पाहिला, ज्या नाटकावर तो आधारलेला आहे ते हेन्रिक इब्सेनचे 'अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल' (१८८२) पुन्हा वाचले, आणि आमचे मत काहीसे बदलले. ते कोठे बदलले आणि कोठे बदलले नाही, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

पुन्हा पाहण्यास कारण घडले ते इंदूरचे. डिसेंबर २०२५च्या अखेरीस तेथील भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळले. शेकडो माणसे अतिसाराने आजारी पडली आणि अनेकांचे प्राण गेले. सलग आठ वेळा देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गौरवले गेलेले हे शहर. आपल्यापैकी कितीतरी घरांचे सोयरे तेथे आहेत. त्या दिवसांत दूरध्वनीवर चौकशी करताना आमच्या मनात वारंवार येत होते, की ही कथा आपण पूर्वी कोठेतरी पाहिली आहे.

ती कथा अशी. चंडीपूर नावाच्या बंगाली गावात डॉ. अशोक गुप्त यांना काविळीचे रुग्ण वाढताना दिसतात. पाण्याची तपासणी होते. दोष सापडतो तो गावातील प्रसिद्ध मंदिराच्या परिसरात : जमिनीखालच्या नळांत कोठेतरी मैलापाणी शिरत आहे, आणि तेच पाणी चरणामृत म्हणून हजारो भाविकांच्या ओंजळीत पडत आहे. डॉक्टरांचे म्हणणे इतकेच, की मंदिर काही काळ बंद ठेवावे आणि नळ दुरुस्त करावेत. नगरपालिकेचा अध्यक्ष निशीथ हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला यात्रेचे उत्पन्न आणि गावाचा लौकिक दिसतो. 'जनवार्ता' पत्राचा संपादक आधी लेख छापण्यास उत्सुक असतो. वारा फिरताच मागे सरतो. शेवटी जाहीर सभेत डॉक्टरांनाच जनतेचा शत्रू ठरवले जाते. इब्सेनच्या मूळ नाटकात मंदिराच्या जागी आरोग्यस्नानांचे केंद्र आहे आणि यात्रेकरूंच्या जागी उन्हाळी पाहुणे. बाकी सांगाडा तोच.

आपल्या मराठी रंगभूमीचे नॉर्वेशी नाते जुने. 'नाट्यमन्वंतर'चे 'आंधळ्यांची शाळा' (१९३३) हे ब्यर्नसनच्या नाटकावरून आले, आणि इब्सेनची चर्चा आपल्याकडे 'डॉल्स हाऊस'च्या अनुषंगाने भरपूर झाली. घर सोडून जाणारी नोरा आपल्या विचारविश्वात मुरली. त्याच नाटककाराने तीनच वर्षांनी पाण्यावर लिहिले, याकडे मात्र आपले लक्ष कमी गेले, असे आम्हांस वाटते. स्त्रीचा प्रश्न हा साहित्याचा विषय आणि नळाचा प्रश्न हा नगरपालिकेचा विषय, अशी वाटणी आपण नकळत करून टाकली. ती वाटणी किती चुकीची आहे, हे 'गणशत्रू'तील एका प्रसंगातून कळते.

मंदिराचा धनिक संस्थापक भार्गव डॉक्टरांकडे येतो. त्याच्या हातात चरणामृताची बाटली आहे. त्याचे म्हणणे असे, की या पाण्यात गंगाजल आणि तुळशीपत्र आहे. म्हणून ते दूषित असूच शकत नाही. तो खोटे बोलत नसतो, हे येथे महत्त्वाचे. त्याचा तसा खराखुरा विश्वास आहे, आणि तो विश्वास त्याच्या व्यवहाराला सोयीचाही आहे. पुढे भरसभेत डॉक्टरांना विचारले जाते, की आपण हिंदू आहात ना, आणि असाल तर त्या मंदिरात कधी गेला आहात काय? नळाचा प्रश्न क्षणात श्रद्धेचा होतो आणि तपासणीचा अहवाल टेबलावर तसाच पडून राहतो. इब्सेनच्या नाटकात हा पेच नाही. तेथे भांडण पैसा आणि सत्य यांच्यात आहे. राय यांनी त्यात तिसरी गोष्ट आणली : पावित्र्य. ही भर कथेला केवळ भारतीय वेष चढवण्यासाठी घातलेली नाही. मूळ नाटकात नसलेला एक विचार तिच्यामुळे कथेत येतो, आणि चित्रपटाचे खरे मोल आम्हांस येथे दिसते.

'पवित्र', 'शुद्ध', 'निर्मळ', 'स्वच्छ' हे चार शब्द आपण मराठीत एकमेकांच्या जागी सहज वापरतो. परंतु त्यांचे अर्थ एक नाहीत. पावित्र्य हा माणसाने वस्तूला दिलेला मान आहे. स्वच्छता ही वस्तूची अवस्था आहे. पाणी पवित्र असून अस्वच्छ असू शकते आणि अगदी स्वच्छ असून कोणाच्याच लेखी पवित्र नसू शकते. एवढेच काय, डोळ्यांना निर्मळ दिसणारे पाणीही प्राणघातक असते. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत नजफगड नाल्याचे मैलापाणी उलटे वाहून वजिराबादच्या जलकेंद्राच्या तोंडाशी आले. अधिकाऱ्यांनी तुरटी व क्लोरीन वाढवले. त्यामुळे जिवाणू मेले आणि पटकी-विषमज्वराची साथ टळली. विषाणू मात्र टिकून राहिले आणि सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली. पुढे तो विषाणू आज ज्याला 'हेपॅटायटिस ई' म्हणतात तो असल्याचे निष्पन्न झाले. आपल्या बुऱ्हाणपूरसारखेच यंत्रमागाचे गाव असलेल्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, तिचे कारणही दूषित पाणीच होते. नेत्रांना आणि श्रद्धेला जे कळत नाही ते प्रयोगशाळेतून पत्राने येते. इब्सेन आणि राय या दोघांच्याही कथेत निर्णायक वस्तू म्हणजे असा एक कागद आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

येथवर आलो तर आणखी एक शब्द टाळून पुढे जाता येत नाही. दूषित होण्यासाठी मराठीत जुना, जिव्हारी लागणारा शब्द आहे : विटाळ. हा शब्द आपण कशासाठी वापरला? नाल्यासाठी नव्हे, गटारासाठी नव्हे. माणसासाठी वापरला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर गावातील सवर्णांनी पंचगव्याच्या घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' करून घेतले. ज्या तळ्यावर गुरांना मज्जाव नव्हता, त्यात शेण आणि गोमूत्र मिसळून शुद्धी झाली. म्हणजे पाणी खरोखर घाण करण्याची कृती शुद्धीच्या नावाने झाली आणि पाणी पिण्याची निरुपद्रवी कृती विटाळ ठरली. त्या तळ्यावरच्या हक्काचा दावा मुंबईच्या उच्च न्यायालयात निकाली निघण्यास मार्च १९३७ उजाडला. भार्गवची बाटली चंडीपूरची खरी, पण तिची मराठी आवृत्ती महाडला बासष्ट वर्षे आधीच लिहिली गेली होती.

हे महाडचे म्हणून सोडून देण्याचा आम्हांस अधिकार नाही. उदगीरच्या १७६०च्या विजयानंतर बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले; आपल्यापैकी काहींचे पूर्वज त्याच सुमारास येथे स्थिरावले आणि येताना भाषेबरोबर सोवळेही घेऊन आले. आमच्या आजी पावसाळ्यात तापीच्या गढूळ पाण्यात तुरटीचा खडा फिरवीत, चौघडी फडक्यातून पाणी गाळीत, तांब्याची कळशी चिंचेने लखलखीत करीत. पाण्याची इतकी निगा आम्ही नंतर कोठे पाहिली नाही. त्याच आजी, परसदार झाडायला येणारी बाई पाणी मागे तेव्हा, चार पायऱ्या वर उभ्या राहून तिच्या ओंजळीत वरून धार सोडीत, आणि भांडे कोठे टेकले नाही ना याची खात्री करीत. त्या बाईच्या हातून आमच्या घरचा मैला उचलला जात होता. तो पुढे कोठे जातो, हे आम्ही कधी विचारले नाही. तो नदीलाच जात होता. स्पर्शाचा विटाळ डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या घराला नदीचा विटाळ दिसला नाही, कारण पाहण्याची सारी शक्ती चुकीच्या जागी खर्च झाली होती. आजींवर दोष ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांनी दिलेले गाळलेले पाणी पिऊनच आम्ही वाढलो. पण तो हिशेब अपुरा होता, एवढे म्हणणे प्राप्त आहे.

आणि येथेच राय यांच्याविषयीचा आमचा आक्षेपही उभा राहतो. इब्सेनच्या नाटकात पाण्यात उतरणारे विष येते कोठून? गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यांतून. आणि त्यांतला एक कारखाना डॉ. स्टॉकमन यांच्या सासऱ्याचा आहे. शेवटच्या अंकात हा सासरा, मॉर्टन कील, डॉक्टरांच्या पत्नीला मिळायच्या पैशांतून स्नानकेंद्राचे घसरलेले समभाग विकत घेतो आणि जावयापुढे ठेवतो : आता सत्य सांग, आणि बायकोमुलांना भिकेला लाव. इब्सेनच्या कुशाग्रपणाची खूण ही. दूषित पाण्याचा उगम नायकाच्या स्वतःच्या घरात निघतो. राय यांनी हे पात्रच वगळले. चंडीपुरात दोष नळांचा आहे, पैसा भार्गवचा आहे, लबाडी निशीथची आहे. डॉक्टर पहिल्यापासून अखेरपर्यंत निष्कलंक राहतात. त्यामुळे प्रेक्षकही निष्कलंक राहतो. डॉक्टरांच्या बाजूने उभे राहून तो समाधानाने घरी जातो. पावित्र्याचा प्रश्न घेऊन राय यांनी कथा खोल केली आणि घरातला सासरा काढून तीच कथा सोपी केली, असा आमचा निष्कर्ष आहे.

शेवटाविषयी मात्र आम्ही राय यांच्या बाजूचे आहोत. इब्सेनचा डॉक्टर अखेरीस एकाकीपणातच सामर्थ्य शोधतो. तत्पूर्वी बहुमताला मूर्ख म्हणून मोकळा होतो. त्याच्या त्या भाषणात अहंकाराचा दर्प आहे आणि इब्सेनला तो ठाऊक असावा. राय यांच्या चित्रपटाच्या शेवटी खिडकीबाहेरून तरुणांच्या घोषणा ऐकू येतात, पत्रातील तरुण वार्ताहर नोकरी सोडून येतो, आणि डॉक्टरांना कळते की आपण एकटे नाही. याला कोणी भाबडेपणा म्हणेल. पण पाण्याच्या बाबतीत एकट्याने बरोबर असून भागत नाही. नळ सर्वांचा असतो. तो दुरुस्त व्हायचा तर सर्वांनाच पटावे लागते.

एकटा पडलेला माणूस काय करू शकतो आणि काय नाही, याचा दाखला आपल्याच प्रांतात आहे. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी सप्टेंबर-ऑक्टोबर १९८२ मध्ये आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकातून युनियन कार्बाइडच्या कारखान्याविषयी लागोपाठ इशारे दिले. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'तून पुन्हा लिहिले. कोणी मनावर घेतले नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री काय झाले, ते आपल्याला सांगावयास नको. केसवानी २०२१ साली निवर्तले. स्टॉकमनच्या घराच्या काचा फुटल्या; केसवानींच्या वाट्याला दगडही आले नाहीत, केवळ दुर्लक्ष आले. दुर्लक्षावर नाटक लिहिणे कठीण असते, कारण त्यात सभा नसते, खलपुरुष नसतो, घोषणा नसते. आणि त्या रात्रीनंतरही विष संपले नाही. कारखान्यात पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेण्यात आला आणि त्या वर्षाच्या मध्यापर्यंत जाळण्यात आला. तेथील रहिवाशांनी कचरा येण्याआधीच विरोध केला होता. चाळीस वर्षांपूर्वी भोपाळने जे विचारायला हवे होते ते पीथमपूरने विचारले, एवढी प्रगती म्हणावी लागेल.

दोन्ही कलाकृतींतील आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. 'अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल'मध्ये एकही रुग्ण रंगमंचावर बोलत नाही. 'गणशत्रू'मध्ये आजारी माणसे आकड्यांत आणि डॉक्टरांच्या बोलण्यात आहेत. ज्यांचे यकृत सुजले त्यांचे म्हणणे काय, हे आपल्याला कळत नाही. डॉक्टर, संपादक, नगराध्यक्ष, मुद्रक हे सारे सुशिक्षित लोक रोग्यांविषयी भांडतात. या पार्श्वभूमीवर इंद्र सिन्हा यांची 'अ‍ॅनिमल्स पीपल' (२००७) ही इंग्रजी कादंबरी वेगळी उठून दिसते. भोपाळवर बेतलेल्या 'खौफपूर' या नगरातील ही कथा सांगतो तो विषाने पाठीचा कणा वाकलेला, हातापायांवर चालणारा तरुण. आणि तो सहानुभूती मागत नाही, शिव्या देतो, हसवतो, प्रेमात पडतो. दूषणाचे साहित्य खऱ्या अर्थाने तेथे सुरू होते, जेथे बाधित माणूस दुसऱ्याच्या वाक्याचा विषय न राहता स्वतः बोलू लागतो. ओंजळीत वरून धार घेणाऱ्या त्या बाईची कथा आमच्या भाषेत तिच्या तोंडून आली, ती दलित आत्मकथनांतून. ती वाचताना आपण जातीची कथा म्हणून वाचली. ती पाण्याची कथा म्हणूनही वाचावयास हवी होती.

आता आपल्या गावाकडे वळू. बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याविषयी या पत्रिकेत आणि आपल्या व्याख्यानांत पुष्कळ कौतुक झाले आहे, आणि ते योग्यच आहे. १६१५च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात फारसी भूजलतज्ज्ञ तबकुतुल अर्ज यांनी सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखाली अडवले, आणि शंभराहून अधिक कुंड्या एका भुयाराने जोडून ते पंपाविना, केवळ उताराने शहरात आणले. मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. 'पाणी' या शब्दाच्या तीन अर्थांवर श्लेष करणारा दोहा रचणाऱ्या कवीच्या सुभेदारीत हे घडले, हा योगही गोड आहे. पण ही व्यवस्था कशासाठी झाली, याची जी कथा सांगतात ती आम्हांस आज अधिक अर्थपूर्ण वाटते : फौजेच्या छावणीला भीती होती, की शत्रू तापीच्या पाण्यात विष कालवील. म्हणून पाणी भूमीच्या पोटात लपवले.

तो शत्रू आला नाही. तापीचे पाणी मात्र बिघडले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांत मध्य प्रदेशातील २२ नद्यांचे पट्टे होते आणि तापीचा पट्टा होता तो नेपानगर ते बुऱ्हाणपूर. भंडाऱ्याच्या भुयारांत चुन्याच्या क्षारांचे थर चढून वाट अरुंद झाली आहे, आणि भोवतीच्या कूपनलिका त्याच भूजलावर जगत आहेत. जुलै २०२२ मध्ये आपला जिल्हा देशातील पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण नळ घरी येणे आणि नळातून योग्य पाणी येणे या दोन गोष्टी आहेत, हा धडा इंदूरने शेजारीच दिला आहे. मॉर्टन कीलचा कारखाना शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. आपली गटारे, आपले यंत्रमाग आणि रंगारीकाम, आपल्या केळीच्या बागांतील खते आणि फवारण्या यांवर आपली घरे उभी आहेत. त्या घरांतूनच आम्ही तापीवर लेख लिहितो.

तापीस्तवनाची आपली परंपरा आम्ही कमी लेखत नाही. नदीला सूर्यकन्या म्हणणाऱ्या माणसाने तिच्याकडे निदान पाहिले तरी होते. पण जे स्तवन नदीच्या आजच्या पाण्याकडे पाहत नाही, त्याची जात भार्गवच्या बाटलीची आहे : तुळशीपत्र आहे, मग तपासणी कशाला? समीक्षेचे काम कवितेतील उणे-अधिक सांगण्याचे असेल, तर कवितेतील नदी आणि घाटाखालची नदी यांतील अंतर सांगणे हेही तिचेच काम आहे.

म्हणून एक सूचना करतो. आषाढ शुद्ध सप्तमीला तापी जयंतीच्या दिवशी आपण घाटावर जमतो, आरती होते, कविता वाचल्या जातात. येत्या सप्तमीला त्या कवितांबरोबर घाटाच्या पाण्याचा आणि कुंडी भंडाऱ्याच्या पाण्याचा तपासणी-अहवाल मोठ्याने वाचला जावा आणि पुढील अंकात तो कवितांच्या शेजारी छापला जावा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक स्पष्ट आहे : १०० मिलिलिटर नमुन्यात 'ई. कोलाय' हा जिवाणू एकही आढळता कामा नये. स्नानाच्या पाण्यात विष्ठाजन्य जिवाणूंची मर्यादा त्याच मापात २,५०० आहे. एवढे दोन आकडे कोणत्याही रसिकाला कळतील. अहवाल चांगला आला तर आरतीला बळ येईल. वाईट आला तर वाचणाऱ्याला कोणी गणशत्रू म्हणू नये, आणि त्याच्या शेजारी आपण काही जण उभे असावे. अहवाल वाचण्याचे काम आमच्याकडे द्यावे, अशी आमची विनंती आहे.